तापलेली अंडपेशी जास्त कशी चमकली? शेळीच्या अंडपेशीतली प्रथिननिर्मिती मोजताना घडलेलं एक प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका प्रयोगशाळेतलं आहे. माणसांची आणि संस्थेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची खोली माझ्याकडे होती, त्यामुळे प्रयोगाचा निम्मा भाग माझ्या डोळ्यांसमोर घडला आणि एका चुकीत माझाही हात होता. ती चूक पुढे येईलच.

पार्श्वभूमी

संशोधक विद्यार्थिनी धाराशिव जिल्ह्यातली. घरी उस्मानाबादी शेळ्या. ही जात जुळ्या करडांसाठी नावाजलेली. मुलीची फी भरायची वेळ आली की तिचे वडील एक शेळी बाजारात नेत. पण एप्रिल-मे आला की शेळी माजावर येते, बोकड दाखवला जातो आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर. "उलटली," एवढाच शब्द घरात ऐकू यायचा. उन्हानं उलटते हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हानं नेमकं काय बिघडतं, हा तिचा प्रश्न.

मार्गदर्शक सरांनी तो प्रश्न प्रयोगशाळेत मावेल इतका बारीक केला. शेळीचं शरीर साधारण ३९ अंश सेल्सियसला असतं. अंडपेशी प्रयोगशाळेत पक्व करताना ती ३८.५ अंशाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, साधारण २४ ते २७ तास ठेवतात. हीच पेशी ४१ अंशाला ठेवली तर तिची प्रथिनं तयार करण्याची क्षमता घटते का?

प्रथिनंच का, याला कारण आहे. पूर्ण वाढलेल्या अंडपेशीत जनुकांवरून नवे निरोप उतरवून घेण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. वाढीच्या काळात साठवलेले हे निरोप, म्हणजेच एमआरएनए, हीच तिची शिदोरी. शेळीत भ्रूणाची स्वतःची जनुकं जोमानं कामाला लागतात ती आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर. तोवर सगळा संसार त्या शिदोरीवर आणि त्यातून वेळेवर तयार होणाऱ्या प्रथिनांवर चालतो. तिथे उन्हानं हात घातला, तर शेळी उलटण्याचा एक धागा हाती येतो.

अडचण

पहिल्या बैठकीत तिनं फळ्यावर लिहिलं : "प्रथिनाचं प्रमाण मोजणे." सरांनी ते पुसलं नाही, पण खाली विचारलं, "साठा मोजणार की आवक?"

पैठणला जायकवाडीवर जाऊन आलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. धरणात किती पाणी आहे हे एक, आणि वरून किती येतंय हे दुसरं. धरण ६० टक्के भरलेलं असताना आवक शून्य असू शकते. जुलैत तळ दिसत असताना वरच्या धरणांमधून पाण्याचा लोंढा येत असतो. शिवाय विसर्ग आहे, बाष्पीभवन आहे. अंडपेशीत जुनी प्रथिनं मोडतही असतात. एकूण प्रथिन मोजलं तर तो साठा झाला. तिला हवी होती आवक.

दुसरी अडचण मापाची. उंदराच्या एका अंडपेशीत एकूण प्रथिन जेमतेम २५ ते ३० नॅनोग्रॅम. शेळीची अंडपेशी मोठी, त्यामुळे जास्त, पण तरीही नॅनोग्रॅममध्येच. प्रयोगशाळेत रोज वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगाच्या ब्रॅडफोर्ड चाचणीला काही मायक्रोग्रॅम तरी लागतात. म्हणजे एका वाचनासाठी पुष्कळ अंडपेशी एकत्र वाटायच्या.

आणि अंडपेशी येणार कुठून? कत्तलखान्यातून. तिथे कापले जातात ते मुख्यतः बोकड. मादी येते ती बहुधा म्हातारी नाही तर भाकड. पहाटे जाऊन थांबलं तर कधी आठ अंडाशयं मिळत, कधी दोन, आणि एका अंडाशयातून कामाच्या अंडपेशी दोन-चार. हा नमुना मुळातच एका बाजूला झुकलेला आहे, हे तिनं प्रबंधात लिहिलं. बऱ्याच प्रबंधांत ते लिहिलेलं नसतं.

कोणते पर्याय होते

किरणोत्सारी मेथिओनिन हा जुना आणि भरवशाचा मार्ग. गंधक-३५ लावलेलं हे अमिनो आम्ल पेशीला खाऊ घालायचं, ते नव्या प्रथिनात विणलं जातं, आणि किरणोत्सार मोजायचा. एका अंडपेशीवरही वाचन मिळतं. पण गंधक-३५ चं अर्धायुष्य सुमारे ८७ दिवस; मागवलं की घड्याळ सुरू. त्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वेगळी खोली, कचऱ्याची व्यवस्था. सरांनी दुसऱ्या शहरातल्या परवानाधारक प्रयोगशाळेला विचारूनही पाहिलं. ते तयार होते. पण अंडपेशी थर्मासात घालून रात्रीच्या गाडीनं पाठवायची वस्तू नाही.

सल्लागार समितीतल्या एका सदस्यांनी सुचवलं की एमआरएनए मोजा, पीसीआर यंत्र आहेच. सूचना स्वस्त होती आणि आमच्यापैकी दोघांना पटलीही. इथे ती विद्यार्थिनी अडली आणि तिचं बरोबर होतं. अंडपेशीत एमआरएनए असणं आणि त्याचं प्रथिन होणं यांत मोठी फट आहे. बरेच निरोप आखूड शेपटीसह झोपवलेले असतात. वेळ आली की त्यांची ॲडेनिनची शेपटी लांब होते आणि रायबोझोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिनाची साखळी विणणारी पेशीतली यंत्रं, त्यांवर बसतात. वर आणखी एक फसगत आहे. एमआरएनएची प्रत काढताना शेपटीला धरणारा प्रायमर (जिथून प्रत सुरू होते तो छोटा तुकडा) वापरला, तर नुसती शेपटी लांबली तरी यंत्र "निरोप वाढले" असं सांगतं. निरोप तेवढेच असतात. समितीला हे पटायला दोन बैठका गेल्या.

तिसरा मार्ग मेथिओनिनसारखी दिसणारी, पण रासायनिक आकडा (हूक) असलेली अमिनो आम्लं. ती प्रथिनात शिरतात आणि मग त्या आकड्याला चमकणारा रेणू अडकवता येतो. पण त्यासाठी आधी माध्यमातलं खरं मेथिओनिन काढून घ्यावं लागतं. पेशीला अमिनो आम्लाची उपासमार घडवून तिची प्रथिननिर्मिती मोजणं आम्हाला रुचलं नाही, त्यातून ती पेशी आधीच उष्णतेनं बेजार.

राहिलं प्युरोमायसिन. हे मूळचं स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूनं बनवलेलं प्रतिजैविक. अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या टीआरएनएच्या टोकासारखं ते दिसतं, त्यामुळे रायबोझोम फसतो आणि वाढत्या साखळीला प्युरोमायसिन जोडून बसतो. पुढे साखळी वाढत नाही, गळून पडते. प्युरोमायसिन ओळखणारं प्रतिपिंड लावलं की अलीकडच्या काही मिनिटांत किती साखळ्या विणल्या जात होत्या ते चमकीतून दिसतं. २००९ मध्ये ही पद्धत सनसेट या नावानं आली. किरणोत्सार नको, उपासमार नको. प्रतिपिंड परवडणारं होतं आणि सूक्ष्मदर्शक होताच. या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती सुरुवातीलाच वहीत लिहिली गेली : एका साखळीला एकच प्युरोमायसिन लागतं. लांब प्रथिन असो वा आखूड, चमक सारखीच. ही साखळ्यांची मोजदाद आहे, वजन नव्हे.

पहिला निकाल

कत्तलखान्यातून अंडाशयं आणायचं काम प्रयोगशाळेतले मामा करत. कोमट सलाइन भरलेला थर्मास, मोटरसायकल, पाऊण तासाचा रस्ता. मग ती पात्यानं अंडाशयाच्या पृष्ठभागावर उभे-आडवे छेद देऊन पुटिकांमधल्या अंडपेशी बाहेर काढायची. बर्नरवर ओढून बारीक केलेली काचेची नळी घेऊन एकेक उचलायची. भोवती क्युम्युलस पेशींचे (अंडपेशीला वेढून असणाऱ्या लहान पेशींचे) किमान तीन थर आणि आतला द्रव एकसारखा, अशाच निवडायच्या.

अर्ध्या ३८.५ अंशाला, अर्ध्या ४१ अंशाला. चोवीस तासांनी दहा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात अर्धा तास प्युरोमायसिन. मग हायल्युरोनिडेज हे विकर लावून भोवतालच्या क्युम्युलस पेशी सोडवायच्या, अंडपेशी स्थिर करायच्या, प्रतिपिंड लावायचं आणि माझ्या खोलीत आणायचं.

पहिल्या दिवशी ती पडद्याकडे बघून म्हणाली, "ताई, बघा ना, तापवलेल्याच जास्त चमकतायत."

खरंच चमकत होत्या. तीन फेऱ्या झाल्या, तिन्हींत तेच. उष्णतेनं प्रथिननिर्मिती वाढते, असा निष्कर्ष निघाला. त्याचं स्पष्टीकरणही लगेच सापडलं : उष्णतेत पेशी स्वतःला सावरणारी उष्माघात-प्रथिनं बनवते, तीच ही वाढ. सरांनी आनंदानं एका परिषदेला सारांश पाठवला. चित्रं मी निवडली होती. माझी चूक ती हीच. सर्वांत सुंदर दिसणाऱ्या पेशी मी वेगळ्या काढल्या, कुणाच्या कडेला काय चिकटलंय हे न बघता.

पहिला निर्णय : रिकामी फेरी

शंका आली ती एका फुटकळ गोष्टीवरून. एका अंडपेशीची चमक तिच्या पोटात नव्हती, कडेला होती, कंकणासारखी. रायबोझोम कडेला जमत नाहीत. मी विचारलं, "प्युरोमायसिन न घालता केलंयस का कधी?"

"नाही ताई. अंडपेशी आधीच कमी असतात, त्यातल्या पाच-सहा रिकाम्या फेरीत घालवायच्या..."

तिचं म्हणणं मला समजत होतं. आठ अंडाशयांतून वीस अंडपेशी मिळाल्या तर त्यातल्या सहा अशा ठेवायच्या, ज्यांतून काहीच दिसू नये अशीच अपेक्षा आहे, हे हाताला जड जातं. पण पुढची फेरी तिनं नुसती तीच केली. प्युरोमायसिन नाही, बाकी सगळं तसंच. कंकण तसंच चमकलं.

मग नुसतं दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे पहिल्या प्रतिपिंडाला धरणारं, चमकणारा रंग लावलेलं प्रतिपिंड. कंकण कायम. म्हणजे अंडपेशीभोवतीचं काचेसारखं कवच, झोना, रंगीत प्रतिपिंडाला चिकटून धरत होतं. त्याचा प्रथिननिर्मितीशी काही संबंध नव्हता.

गमतीची गोष्ट म्हणजे ते दुय्यम प्रतिपिंड शेळीतच तयार केलेलं होतं. मामांनी विचारलं, "शेळीचंच औषध शेळीला लावताय, मग घोळ नाही होणार?" उलट आहे. शेळीच्या शरीरात तयार झालेलं प्रतिपिंड शेळीच्याच प्रथिनांना सहसा परकं मानत नाही, त्यामुळे या कामाला ते बरं. घोळ कवचाच्या चिकटपणाचा होता.

पण कंकण दोन्ही गटांत होतं. मग तापवलेला गटच जास्त का चमकत होता?

दुसरा निर्णय : कडेला चिकटलेले ठिपके

याचं उत्तर होश्ट रंगानं दिलं. हा रंग डीएनएला चिकटून निळा चमकतो. अंडपेशीचं केंद्रक कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहायला तो घातला होता. पण निळ्या वाहिनीत बघितलं तर तापवलेल्या अंडपेशींच्या कडेला बारीक निळ्या ठिपक्यांची माळ. ते अंडपेशीचे नव्हते. न सुटलेल्या क्युम्युलस पेशींची केंद्रकं होती ती. ३८.५ अंशाच्या गटात असे ठिपके एखाद-दुसरे.

कारण साधं होतं आणि तितकंच डोक्याला हात लावायला लावणारं. नीट पक्व होणाऱ्या अंडपेशीभोवती क्युम्युलस पेशी हायल्युरोनिक आम्लाचा लगदा सोडतात आणि पसरतात; हायल्युरोनिडेज तो लगदा विरघळवतं आणि पेशी झडून पडतात. उष्णतेत हे पसरणंच नीट होत नाही. लगदाच नाही तर विकर विरघळवणार काय? पेशी घट्ट धरून राहतात. आणि या पेशी अंडपेशीपेक्षा कितीतरी लहान असल्या तरी त्यांची प्रथिननिर्मिती जोरात असते. आम्ही अंडपेशीची चमक म्हणून जे मोजत होतो, त्यात अंगाला चिकटलेल्या शेजाऱ्यांचा मोठा वाटा होता, आणि तो फक्त एकाच गटात.

या टप्प्यावर तीन वाटा होत्या. फक्त स्वच्छ अंडपेशी मोजायच्या, पण मग तापवलेल्या गटातून तगलेल्याच निवडल्यासारखं झालं असतं. प्युरोमायसिन देण्याआधीच पेशी सोडवायच्या, पण क्युम्युलस पेशी सूक्ष्म जोडण्यांमधून अंडपेशीला काही अमिनो आम्लं पुरवतात. त्या तोडल्या तर मोजायची गोष्टच बदलते. तिसरी वाट होती कवचच काढून टाकणं. कवच गेलं की चिकटलेल्या पेशीही त्याच्याबरोबर जातात आणि कंकणही जातं.

तिसरी धरली. उंदराच्या अंडपेशीचं कवच आम्लानं पटकन विरतं. शेळी-गाईचं हट्टी असतं, म्हणून प्रोनेज नावाचं विकर वापरलं. एक काळजी घ्यावी लागली. प्युरोमायसिन लागलेल्या अर्धवट साखळ्या पेशी लवकर मोडून टाकते, म्हणून प्युरोमायसिन देण्यापासून स्थिर करेपर्यंत दोन्ही गटांना घड्याळ लावून तेवढाच वेळ. एकदा ती तापवलेला गट आधी करायची, पुढच्या वेळी दुसरा. पहिल्या दोन प्रयत्नांत प्रोनेजमध्ये अंडपेशी फुटल्या. ती रडली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही.

तिसरा निर्णय : नळ खरंच बंद झाला का

आता खरा नियंत्रण गट हवा होता : प्रथिननिर्मिती पूर्ण थांबवलेली अंडपेशी. तिथे चमक शून्याजवळ यायला हवी. सायक्लोहेक्झिमाइड ही सर्वांची नेहमीची निवड. ते रायबोझोमला एमआरएनएवर पुढे सरकू देत नाही.

चमक कमी झाली, पण निम्म्याच्या खाली काही उतरेना. सरांना वाटलं डोस कमी पडला. डोस वाढवला, तेच. तिनं वाचायला सुरुवात केली आणि दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एक आकृती काढून ठेवली.

सायक्लोहेक्झिमाइड रायबोझोमला जागच्या जागी थोपवतं. पण थांबलेल्या रायबोझोमवर अर्धी साखळी धरलेलीच असते, आणि प्युरोमायसिनची जागा बंद झालेली नसते. ते येऊन त्या साखळीला जोडलं जाऊ शकतं. एकदाच, पण तेवढी चमक दिसते. काही शास्त्रज्ञ तर मुद्दाम असा थांबवलेला रायबोझोम वापरून पेशीत रायबोझोम कुठे आहेत ते शोधतात. म्हणजे आमचा "बंद नळ" थेंब थेंब गळत होता, आणि तो डोस वाढवून थांबणार नव्हता.

ॲनिसोमायसिन वेगळं काम करतं. ज्या खोबणीत प्युरोमायसिन बसतं, तिथेच ते आधी जाऊन बसतं. जागाच अडली तर प्युरोमायसिन लागणार कुठे? ॲनिसोमायसिनच्या फेरीत पोटातली चमक जवळपास प्युरोमायसिन न दिलेल्या पेशींइतकी खाली आली. आता शून्य कुठे आहे हे कळलं. त्यानंतरचं प्रत्येक वाचन या शून्यातून मोजायचं ठरलं.

सूक्ष्मदर्शकाच्या बाजूनं मी दोन गोष्टी केल्या. प्रकाशाची तीव्रता आणि वेळ एकदा ठरवून कुलूपबंद केली, जेणेकरून सर्वांत चमकदार पेशीही पांढरीफट्ट होऊ नये. आणि काचपट्ट्यांवर गटाचं नाव झाकून नुसता क्रमांक. मोजणाऱ्याला, म्हणजे मला, कोणती पेशी तापवलेली हे कळू नये म्हणून. माझ्या सुंदर चित्रांच्या निवडीवर हा उतारा होता.

थर्मास आणि वीज

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण वगळलं तर चित्र खोटं होईल. मे महिन्यात एका सकाळी वीज गेली, जनरेटर उशिरा लागला आणि इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड कोसळला. ती फेरी फेकली. दुसरी गोष्ट मामांच्या थर्मासची. सलाइन गार होऊ नये म्हणून ते त्यात अंदाजानं गरम पाणी मिसळत. एकदा मी सहज थर्मामीटर बुडवला तर ४१ च्या वर. म्हणजे ३८.५ अंशाचा गटही वाटेत तापून येत होता. मामांना कुणी कधी तापमान सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून थर्मासाच्या झाकणाला दोऱ्यानं थर्मामीटर बांधला आणि आल्याबरोबर आकडा वहीत लिहायचा, असं ठरलं. मामांनी हे सगळ्यांत मनावर घेतलं. पुढे ते कत्तलखान्यात निघण्याच्या वेळचा आकडाही लिहून आणू लागले.

संख्या किती

नवीन पद्धतीनं सहा फेऱ्या झाल्या. दोन्ही गट मिळून अंडपेशी शंभराच्या घरात. सरांना शंभर ही संख्या वापरायची होती. त्यानं सांख्यिकी चाचणीत फरक ठळक दिसतो. पण एका सकाळच्या सगळ्या अंडपेशी एकाच थर्मासातून, एकाच दिवशीच्या माध्यमातून आल्या होत्या. त्या एकमेकींची साक्ष देत होत्या, स्वतंत्र नव्हत्या. विद्यार्थिनीनं फेरी हे एकक धरलं. संख्या सहा.

सर चिडले. "सहावर कोण विश्वास ठेवणार?"

"सर, शंभर म्हटलं तर तज्ज्ञ विचारतील, किती दिवसांच्या? तेव्हा सहाच सांगावं लागेल."

त्या बैठकीत मी गप्प बसले. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

शिवाय टप्प्याचा प्रश्न होता. अंडपेशीत प्रथिननिर्मितीचा वेग केंद्रक विरघळतं त्या सुमारास वाढतो आणि पक्वता पूर्ण होताना उतरतो. तापवलेल्या गटातल्या काही पेशी मागच्या टप्प्यावरच अडकल्या होत्या. चोवीस तासांनी दोन्ही गट तोलले तर आपण उष्णता मोजतोय की टप्पा? होश्टच्या निळ्या चित्रावरून टप्पे लावले आणि तुलना फक्त दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत, म्हणजे पक्व अंडपेशी जिथे थांबते त्या टप्प्यावर, पोचलेल्या पेशींत केली. त्यामुळे शंभरातल्या बऱ्याच गळाल्या.

हाती काय लागलं

सहापैकी पाच फेऱ्यांत तापवलेल्या अंडपेशींची चमक कमी होती. पहिल्या निकालाच्या बरोबर उलट. सहावीत फरक दिसला नाही.

परिषदेला पाठवलेला सारांश मागे घेतला. पत्र सरांनीच लिहिलं, चार ओळींचं, कारणासह. प्रबंधातल्या प्रकरणाचं नाव "प्रथिननिर्मितीतील वाढ" होतं, ते "प्रथिननिर्मितीचा सापेक्ष दर" झालं. सापेक्ष हा शब्द तिनं सोडला नाही, कारण चमकीतून नॅनोग्रॅम निघत नाहीत आणि कोणतं प्रथिन घटलं हेही कळत नाही. उष्माघात-प्रथिनं वाढून बाकीची घटली असतील, तर ती दोन्ही या एका आकड्यात मिसळून गेली आहेत. तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं की मग उन्हाळ्यात शेळीला काय करायचं. तिनं सांगितलं, सावली आणि पाणी, बाकीचं अजून कळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात चार रिकाम्या फेऱ्या करायला हव्या होत्या : प्युरोमायसिनशिवाय, नुसतं दुय्यम प्रतिपिंड, ॲनिसोमायसिन आणि कवच काढलेली. वीस अंडपेशी खर्ची पडल्या असत्या. नंतर त्यापेक्षा कितीतरी जास्त वाया गेल्या.

क्युम्युलस पसरलं की नाही, ही नोंद प्युरोमायसिन देण्याआधी प्रत्येक पेशीमागे व्हायला हवी होती. तिला साधा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो, खर्च काही नाही. ती असती तर दुसऱ्या फेरीतच गोम सापडली असती. एमआरएनएच्या सूचनेवर दोन बैठका घालवल्या, त्यातली एक मामांच्या थर्मासला दिली असती तर बरं झालं असतं.

सायक्लोहेक्झिमाइडबाबत मात्र मी कुणाला दोष देत नाही. नियंत्रण म्हणून ते इतक्या ठिकाणी वापरलेलं आहे की तेच गळकं असेल, असा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही.

सहाव्या फेरीवर शेवटपर्यंत वाद राहिला. सरांचं म्हणणं, ती वगळा, त्या दिवशी काहीतरी बिघडलं असणार. विद्यार्थिनीनं वही उघडून दाखवली. त्या दिवशी मामा लग्नाला गेले होते, अंडाशयं त्यांच्या भाच्यानं आणली आणि झाकणाचा थर्मामीटर घरीच राहिला होता. बिघडलं असेलही, पण बिघडल्याची नोंद नाही. फेरी प्रबंधात आहे, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, आणि तापमानाच्या रकान्यात आडवी रेघ.